गुळाच्या गोदामातली गढूळ बिअर

कोल्हापूरला मी चर्चासत्रासाठी गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरहून एवढ्या लांब कोणी बिअर प्यायला जात नाही, आणि गेलाच तर ते लिहून ठेवत नाही. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि ग्रंथपालांनी संगणकाला घाबरू नये, असं सांगणारी चर्चासत्रं गावोगाव भरत होती. त्यांतलंच हे एक, तीन दिवसांचं. आमच्या कार्यालयाने मला दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि दैनिक भत्ता मंजूर केला. भत्त्याचा आकडा पहिल्यांदा ठरला तेव्हा नागपुरात टांगे चालत असावेत.

पहिला दिवस : फेटा

चर्चासत्राला व्यासपीठावर अकरा जण होते आणि समोर चौदा. त्या चौदांपैकी तिघे ध्वनिक्षेपकवाले. टेबलावर एक संगणक ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावून हार घातला होता. तो चालू करण्याचा कुणाचा बेत दिसला नाही. मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्कार म्हणजे शाल आणि नारळ. कोल्हापुरात डोक्याला फेटा बांधतात आणि तो बांधणारा माणूस वेगळा बोलावलेला असतो. तो आपलं डोकं दोन्ही हातांत धरून असं फिरवतो की, निबंध कुठल्या विषयावर वाचायचा आहे, हे आपण विसरतो. मी विसरलो तरी बिघडलं नाही. सत्कार लांबल्यामुळे माझा निबंध 'वाचला असे समजण्यात आले'.

संध्याकाळी पाच वाजता आम्हाला सोडलं. फेटा कसा उतरवायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिला वेढा ओढून पाहिला, तर सगळा डोंगर एका बाजूला कलंडला. तेव्हा तो तसाच ठेवून मी गावात निघालो. फेटा घातलेल्या माणसाला कोल्हापुरात रस्ता मिळतो. एका रिक्षावाल्याने थांबून मला आधी जाऊ दिलं. नागपुरात असं माझ्याबाबतीत कधी घडलेलं नाही.

गुळाच्या बाजाराजवळच्या एका गल्लीत, जुन्या दगडी गोदामावर पाटी होती : 'इथेच बनवलेली ताजी बिअर'. खाली बारीक अक्षरात : 'वानगी मोफत'. वानगी म्हणजे नमुना. मी भत्त्याचा विचार केला आणि आत गेलो.

आत प्रशस्त होतं. दगडी भिंती, लाकडी बाकं, काचेच्या पडद्यामागे तीन चकचकीत टाक्या. बाहेर इतकी गर्दी असताना आत मी, माझा फेटा आणि मालक. मालक तिशीतला, चष्मेवाला. नाव शिवानंद. बंगळुरात सहा वर्षं बिअरच्या कारखान्यात नोकरी करून गावी परत आलेला. फेटा पाहून तो घाईने पुढे आला.

"या सर, या. उद्घाटनाला बोलावलेलं कोणी राहिलं होतं काय?"

मी खुलासा केला. तो हसला आणि एक पेला भरून पुढे ठेवला. "वानगी घ्या."

वानगी म्हणजे चांगला पाऊण पेला होता. बिअर गढूळ होती. पावसाळ्यात नदीचं पाणी दिसतं तशी, वर पांढरा फेस. चवीला मात्र छान होती. थोडी केळ्यासारखी, थोडी लवंगेसारखी. मी तसं सांगितलं.

"तुम्ही पहिलेच," शिवानंद म्हणाला. "गव्हाची आहे. ही अशीच असते, गढूळ. बंगळुरात लोक रांग लावतात. इथं पेला दिव्याकडं धरत्यात आणि म्हणत्यात, मालक, पंचगंगेला पूर आला व्हय?"

"मग येतात तरी का?"

"वानगीला." त्याने चष्मा पुसला. "आमचा धंदा गुळाचा. आजोबा, पणजोबा, सगळे अडते. बाजारात ढेपेला सुरी लावून गिऱ्हाइकाला तुकडा दिल्याशिवाय सौदा होत नाही. मला वाटलं, इथंही तसंच करावं. सगळा बाजार वानगी घेऊन गेला, सर. काही जण दोनदा."

खायला काय, असं विचारलं तर भडंग, शेंगदाणे, मिरचीची भजी. कोल्हापुरात येऊन तांबडा रस्सा नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. मी वऱ्हाडी तिखटावर वाढलेला माणूस. कोल्हापूरकरांच्या तिखटाबद्दलच्या अभिमानाची परीक्षा घ्यायची, असं ठरवूनच आलो होतो.

"मटण नाही," शिवानंद म्हणाला. "जागा अप्पांची आहे, माझ्या वडिलांची. आम्ही लिंगायत. अप्पा म्हणाले, बाटलीचं पाप तुझं, पण मटणाचं माझ्या जागेत नको. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत दिलीय. पाडव्याला नव्या गुळाचा सौदा सुरू होतो, त्यांना गोदाम लागतं. तोवर बाकं भरलेली दिसली तर जागा माझी. नाहीतर टाक्या विकायच्या आणि मी परत बंगळुरात."

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. मी एक पूर्ण पेला मागवला. भत्त्याच्या मानाने ते धाडस होतं, पण रिकाम्या बाकांसमोर नुसती वानगी पिऊन उठणं मला जमेना.

दुसरा दिवस, सकाळ : समोरचं दुकान

सकाळी घरच्यांसाठी गूळ घ्यावा म्हणून त्याच गल्लीत गेलो. गोदामाच्या बरोबर समोर एक दुकान होतं. गादीवर पांढऱ्या टोपीतले, कपाळाला भस्म लावलेले एक गृहस्थ बसले होते. सत्तरीचे असावेत. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"काल फेटा बांधून तिथं गेलतासा ते तुमीच न्हवं का?"

मी कबूल केलं.

"आमच्याकडं फेटा बांधून लग्नाला जात्यात. बसा की पावणं. कुठनं आलासा?"

दुकानावर नाव होतं मल्लाप्पा. हेच शिवानंदचे अप्पा, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. बोलत माझ्याशी होते आणि पाहत होते समोरच्या पाटीकडे. त्यांनी दोन ढेपांना सुरी लावली आणि दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. एक पिवळाधमक, एक काळसर. काळसर तुकडा अधिक चांगला लागला. मी तसं म्हणालो.

"जीभ हाय तुमास्नी," ते म्हणाले. "पण बाजारात काळ्याला कोण इचारत न्हाय. गिऱ्हाईक डोळ्यानं खातंय. काळा आमी घरी खातो, पिवळा इकतो."

त्यांनी सुरी पुसून ठेवली. मग, दुसरीकडे बघत : "आत काय काय हाय?"

"तुम्ही पाहिलं नाही?"

"दारूच्या जागंत आमी पाय टाकत न्हाय. गळ्यात लिंग हाय." थोडं थांबून : "उकळतोय कशात?"

आदल्या संध्याकाळी शिवानंदने दाखवलं होतं तेवढं सांगितलं. टाक्या काचेमागे आहेत, पण उकळण्याची मोठी कढई मागच्या अंगणाच्या पडवीत आहे. मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात भिजवतात, त्याचा गोड काढा गाळून घेतात आणि तासभर उकळतात.

"मंजे रसच झाला की," मल्लाप्पा म्हणाले. "मळी कवा काढतोय?"

"मळी?"

"उकळताना वर घाण येती, ती."

मला माहीत नव्हतं. मल्लाप्पांनी अर्धा किलो काळा गूळ बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "वानगी हाय." वानगी किती द्यावी, हे या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही, असं माझं मत झालं.

दुसरा दिवस, दुपार : पन्हाळ्याच्या रस्त्यावर

दुपारी चर्चासत्रात 'परिसर अभ्यास' होता, म्हणजे पन्हाळ्याची सहल. गडाबद्दल मी काही लिहू शकत नाही, कारण आम्ही वर पोचलोच नाही. वाटेत गाडीचं चाक बसलं. जादा चाक होतं, पण ते आधीच बसलेलं होतं. चालक म्हणाला, "तासभर लागंल, पावणं. फिरून या." दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाआड एक धुराडं. मोसम जेमतेम सुरू झाला होता, तरी ते गुऱ्हाळ लागलं होतं.

मी गुऱ्हाळ पहिल्यांदाच पाहिलं. जमिनीत बसवलेली खाटेहून मोठी कढई, तिच्यात हिरवट, गढूळ रस. आमच्या प्राचार्यांच्या खुर्चीसारखं उंच आसन करून त्यावर एक माणूस बसला होता. त्याला गुळव्या म्हणतात. तोच इथला प्राचार्य, फरक इतकाच की त्याच्यावाचून काम अडतं. रसाला उकळी येऊ लागली तेव्हा त्याने एका बादलीतलं पाणी ओतलं. बुळबुळीत, तार धरणारं.

"काय आहे?"

"भेंडी," तो म्हणाला. "भाजीची न्हवं, तिची ताटं. ठेचून भिजत घालायची."

पाहता पाहता सगळी घाण वर गोळा झाली, साईसारखी. झाऱ्याने ती ओढून काढली आणि खालचा रस स्वच्छ झाला. तळाशी नेलेला झारा वरून दिसला. मी इतकी वर्षं ग्रंथालयात आहे, पण कुठल्याही गोष्टीचं वर्गीकरण एवढ्या झटपट झालेलं पाहिलेलं नाही.

दुसरा दिवस, संध्याकाळ : मळी

संध्याकाळी गोदामात शिवानंद आणि तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनी वानगी घेतली, पेला दिव्याकडे धरला, "बरं हाय" म्हणाले आणि उठले. मी शिवानंदला गुऱ्हाळातली गोष्ट सांगितली. भेंडीपाशी आलो तसा त्याचा चेहरा बदलला.

"अप्पांनी पाठवलंय तुम्हाला?"

"नाही. गाडीचं चाक बसलं म्हणून."

"हा गूळ नाही, सर. सहा वर्षं शिकून आलोय मी. गव्हाची बिअर गढूळच असते. ती चूक नाही, तीच तिची जात."

"मग प्रश्न सुटला," मी म्हणालो. तो रिकाम्या बाकांवरून फडकं फिरवत राहिला. बाकं स्वच्छच होती.

जरा वेळाने म्हणाला, "उद्या सकाळी शेवटचा उकळा. पाडव्याआधी तयार होईल असा हा एकच. यावेळी बार्लीची करतोय. ती जरा तरी नितळ व्हायला पाहिजे, पण माझी होत नाही. वरचा फेस उकळीतच मोडतो, मग सगळं आतच राहतं."

"म्हणजे मळी काढत नाहीस?"

"बंगळुरात त्याला यंत्र होतं. इथं यंत्र घ्यायची ऐपत नाही."

परत जाताना समोर मल्लाप्पा फळ्या लावत होते. त्यांनी हाक मारली. "काय म्हणतोय?" मी जे होतं ते सांगितलं : उद्या सकाळी शेवटचा उकळा आणि मळी काढत नाही.

मल्लाप्पांच्या हातातली फळी तशीच राहिली. मुलाने दारूचा धंदा काढला, हे त्यांनी सहन केलं होतं. हे मात्र त्यांना लागलं.

"मळी काढत न्हाय?" ते हळू आवाजात म्हणाले, जणू गल्लीने ऐकू नये. "चार पिढ्यांचे गुळाचे अडते आमी. आन् माझं पोरगं मळीसकट उकळतंय? लोकांनी गढूळ म्हणू नये तर काय म्हणावं?"

तिसरा दिवस : पडवी

तिसऱ्या दिवशी समारोप होता आणि उपस्थितीची प्रमाणपत्रं. मी दहा मिनिटं शिवानंदकडे डोकावून मग तिकडे जायचं, असा बेत केला. कढईखाली आग पेटली होती, काढा तापत होता. तेवढ्यात अंगणाच्या मागच्या दाराची कडी वाजली. दारात मल्लाप्पा. बगलेत भेंडीच्या ताटांचा भारा, हातात बादली. ताटं शिरोळकडच्या एका शेतकऱ्याने पहाटेच्या गाडीतून पाठवली होती, हे नंतर कळलं. उंबऱ्याबाहेर पाय ठेवून ते उभे राहिले.

"ह्यात दारू हाय का?"

शिवानंद कढईजवळून हलला नाही. "न्हाय अप्पा. गार झाल्यावर यीस्ट टाकायचं. त्येच्यानंतर हुती."

"मंजे आत्ता नुसतं गोड पाणी."

"व्हय."

"मग दारू कुठं हाय?"

"पल्याडच्या टाक्यांत. काचंच्या आड."

मल्लाप्पांनी कढईपासून काचेपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मी अनेक परिसंवाद ऐकले आहेत. धर्मशास्त्राचा प्रश्न एवढ्या कमी शब्दांत मांडला गेलेला कुठे ऐकला नाही.

"काच मंजी भिंतच की," ते म्हणाले. "तोवर हे गुऱ्हाळच हाय." चप्पल दाराबाहेर काढली आणि आत आले. गुऱ्हाळात कढईजवळ कुणी चप्पल घालून जात नाही, हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. मीही बूट काढले.

त्यांनी झाऱ्याने थोडा काढा घेतला, फुंकर घातली, तळहातावर ओतला, बोटाने चोळला आणि जिभेला लावला. शिवानंद त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. बंगळुरातली सहा वर्षं त्या वेळी त्याच्या कामाची दिसली नाहीत.

"गोडीला कमी हाय," मल्लाप्पा म्हणाले. "पर माल खरा हाय."

"गूळ न्हवं अप्पा हे, कमीच पायजे गोडी."

"मी कुठं म्हटलं वाढीव? खालची आग कमी कर. घाई झालीया तुला. उकळी फुटायच्या आत मळी वर आली पायजे, उकळी फुटल्यावर ती परत आत जाती. कितींदा सांगितलं हुतं ल्हानपणी?"

"तवा गूळ हुता."

"आग तीच हाय की!"

शिवानंदने आग कमी केली. ताटं ठेचायचं काम माझ्याकडे आलं. पावणं म्हणून नव्हे, तर रिकामा माणूस म्हणून. दगडाने ठेचून, बादलीत चोळून त्याचं पाणी केलं. हाताला जी तार लागली ती गाडी दौंडला येईपर्यंत गेली नाही. मल्लाप्पांनी ते पाणी कढईच्या कडेकडेने ओतलं आणि आम्ही तिघेही कढईवर वाकलो. थोड्या वेळाने कडेला करडी साय जमू लागली. मल्लाप्पांनी झारा उचलला, पण ओढला नाही. मुलाकडे धरला.

"काढ. हात हलका ठेव. ढवळू नगं, नुसतं वढून घ्यायचं."

शिवानंदने पहिला झारा काढला तो निम्मा परत कढईत सांडला.

"बंगळुरात ह्येच शिकवत हुते काय?"

"तिथं यंत्र हुतं म्हणतोय न्हवं!"

"यंत्राला बा नसतोय," मल्लाप्पा म्हणाले आणि त्याच्या मनगटाला धरून दुसरा झारा त्यांनी स्वतः ओढला. तिसरा शिवानंदने एकट्याने काढला. नंतर तो बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची कडू फुलं टाकू लागला तेव्हा पुन्हा वाद झाला. चांगल्या रसात कडू कशाला? टिकायला. गूळ काय टिकत न्हाय व्हय? हा वाद मिटला नाही. पण मल्लाप्पा गेलेही नाहीत. कढई उतरेपर्यंत बसले. यीस्टची बाटली बाहेर आली तसे उठले, चप्पल घातली आणि मागे न बघता निघाले. दारातून फक्त एवढंच म्हणाले, "वानगी चमच्याएवढी देतंय माणूस. पेला भरून न्हवं."

समारोपाला मी पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. समारोपाला शालही होती; माझी गैरहजेरीत स्थानिक कार्याध्यक्षांनी स्वीकारली होती. प्रमाणपत्र मागितलं तर कळलं, शिक्का असलेले गृहस्थ जेवायला गेले आहेत. तांबडा-पांढरा रस्सा मात्र तिथे मिळाला. तिखटाला ठीक होता. मी तसं सांगितल्यावर वाढणाऱ्याने वाटी पुन्हा भरली. दुसऱ्या वाटीनंतर मी मत राखून ठेवलं.

नागपूर

परत आल्यावर कार्यालयाने उपस्थितीचा पुरावा मागितला. माझ्याकडे एक फेटा आणि अर्धा किलो काळा गूळ होता. दोन्ही फाइलला लावता येत नाहीत, असं मुख्य लिपिकांचं म्हणणं पडलं. त्यांचा मुद्दा बरोबर होता. गूळ घरच्यांना आवडला. बाजारात असा मिळत नाही, असं शेजारी म्हणाले. मिळणार नाहीच, मी म्हणालो. हा ते घरी खातात.

बिअरचं काय झालं, ते मला कळत नव्हतं. शिवानंदला फोन करावासा वाटे, पण बातमी वाईट असेल तर काय बोलायचं, हे ठरत नव्हतं. पाडव्याच्या दिवशी सकाळी माझाच फोन वाजला.

"पावणं, ओळखलासा का? मल्लाप्पा बोलतोय."

मी पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनी त्या घाईने स्वीकारल्या. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"मुहूर्ताचा सौदा आत्ताच झाला. माल चांगला आलाय औंदा."

"आणि शिवानंदची बिअर?"

"परवा पोरानं वरल्या खिडकीत पेला धरला. ऊन हुतं. मी हितनं बघितलं, दुकानातनं. आरपार त्येचं तोंड दिसलं."

"चवीला कशी आहे?"

"ते मला काय म्हाईत?" मल्लाप्पा म्हणाले. "रंगाला एक नंबर. काल बाकावर जागा न्हवती म्हणं. आन् येडं अजून स्वतः गढूळच पितंय. एक टाकी तसली ठेवलीया त्येनं. घरची म्हणतोय."

मग त्यांना कुणीतरी हाक मारली. "ढेपा कुठं उतरवू, मालक?" असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मल्लाप्पांनी फोन तोंडापासून जरा दूर धरला असावा, कारण त्यांचं उत्तर मला तेवढंच स्पष्ट ऐकू आलं.

"घरी ने. म्होरल्या सोप्यात रच. म्हातारी वरडंल, वरडू दे. गोदामात जागा न्हाय."